यादीत नसलेली वीट

ती. ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या डॉक्टरांनी वाकायची सक्त मनाई केली आहे, म्हणून आठांपैकी दोन अंगं वगळून उरलेल्या सहांचा नमस्कार पाठवतो आहे. गोड मानून घ्यावा.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींना ऐकू येतं का, की कानाचं मशीन अजून खिशातच असतं? इकडे थंडी पडली आहे, म्हणजे तिकडे तुझं बोट ठणकत असणार. उजव्या हाताचं, अंगठीचं. दर वर्षी थंडी पडली की मला आधी तुझ्या बोटाची आठवण होते आणि मग स्वेटरची. वाऱ्याने दार आपटलं त्याला आता चौपन्न वर्षं होतील, पण बोटाला कुठे तारखा कळतात! गरम पाण्यात धरत जा. आम्ही इकडे सर्व ठीक आहोत. (हे वाक्य लिहून मी जरा थांबलो होतो. पण पत्राची सुरुवात आहे, तेव्हा राहू दे.)

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर करतो तरी काय. लिहायला चार महिने लागले, कारण खरं उत्तर कागदावर विचित्र दिसतं. मी नखं शिकतो. हसून घे. भावोजींच्या खिशातून मशीन काढून त्यांनाही सांग, त्यांचंही हसून होऊ दे, मग पुढे वाच.

झालं असं. सूनबाईने नखांची शाळा काढली हे तुला माहीत आहे. दवाखान्याच्या वर दोन खोल्या आहेत, एक शिकवायची आणि एक हत्यारं निर्जंतुक करायची. चिरंजीव बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यात, त्यामुळे शाळा उभी केली ती तिने एकटीने, आणि थोडीफार माझ्या स्क्रू-ड्रायव्हरने. अशा शाळेला मान्यता लागते, आणि मान्यतेसाठी एक पुस्तिका आहे, एक्केचाळीस पानांची, "प्रशिक्षण व उपकरणे यांची मानके". ताई, मी छत्तीस वर्षं फिटर होतो. नियमांची पुस्तकं खूप पाहिली, पण इतकी देखणी पाहिली नाही. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक टेबल, टेबलाची रुंदी किती, दिवा किती उंचीवर, धूळ ओढणारा पंखा टेबलाच्या कुठल्या अंगाला, सरावाचा प्लास्टिकचा हात माणशी एक, झाकणाची कचरापेटी पायाने उघडणारी, सगळं लिहिलेलं. हात धुवायचं बेसिन टेबलापासून दहा पावलांच्या आत हवं. (मी मोजलं. माझी नऊ पावलं भरली, वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीची तेरा. पाऊल कोणाचं धरायचं ते पुस्तिकेत नाही. एवढं एक सोडलं तर लिहिणाऱ्याला माझा सलाम.) याच पुस्तिकेत पान सहावर असंही आहे की तुकडीत किमान आठ जण हवेत. नावं आली सात. शेवटच्या दिवसापर्यंत सातच. सकाळी सूनबाई चहात साखर घालून ती ढवळायची विसरली आणि तशीच उठून गेली, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, माझं नाव घाल. ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली, कारण मी चष्मा पुसून सही करायला बसलो होतो.

अशा रीतीने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी फिका गुलाबी एप्रन घालून वर्गात बसलो. हजेरीत आठवा, म्हणून मुली मला आठवेकाका म्हणतात. वर्गात सूनबाईला मॅडम म्हणायचं आणि घरी सूनबाई, असं आमचं ठरलं होतं, पण जिन्यात काय म्हणायचं ते न ठरल्यामुळे जिन्यात आम्ही एकमेकांशी बोलतच नाही. पहिले पंधरा दिवस मी अगदी रंगात होतो. प्लास्टिकचा हात टेबलाच्या कडेला पेचाने आवळायचा असतो, म्हणजे लोखंड आवळून धरणारा आपला कारखान्यातला व्हाइसच झाला की! मी नखं घासली ती अशी की कॅलिपर लावून पाहा, पाचही बोटांत केसाचा फरक नाही. मुली बघायला गोळा झाल्या. मग मॅडमनी जिवंत हात आणला, एका मुलीच्या आईचा. बिचारी हौसेने येऊन बसली. मी तिचं बोट धरलं, कानस टेकवली आणि तिने किंचाळून हात मागे घेतला. लागलं काहीच नव्हतं म्हणे, पण मी धरलं होतं ते व्हाइसने धरावं तसं. "बाबा, ते लोखंड नाही," सूनबाई म्हणाली, हळूच, मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेताने. तेव्हापासून जिवंत बोट हातात आलं की कानस टेकवण्याआधीच मी ते सोडून देतो. हसण्यासारखं आहे, पण मला त्या दिवशी हसू आलं नाही. बोट दुखलं की माणूस कसा ओरडतो ते मी फार लहानपणी ऐकलेलं आहे.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. नखांच्या कानशी कागदाच्या असतात, दोन्ही बाजूंनी खरखरीत. पान एकोणीस सांगतं की एका माणसावर वापरलेली कानस दुसऱ्यावर वापरायची नाही, तिथल्या तिथे पेटीत टाकायची. टाकायची! ताई, मी ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो त्याने मला पहिले तीन महिने कानस हातात धरू दिली नव्हती, नुसती तारेच्या ब्रशने साफ करायला लावली होती. कानशीला खडू घासून ठेवायचा, म्हणजे तिच्या दातांत कीस अडकत नाही. आमच्या कारखान्यात लोकांनी बायकोची चप्पल फेकली असेल, पण कानस कोणी फेकली नाही. आणि इथे सात मुली रोज टेबल आवरताना चांगल्या धडधाकट कानशी पेटीत टाकताहेत आणि वर त्याबद्दल शाबासकी मिळवताहेत! मला बघवेना. मुली घरी गेल्या की मी पेटी उघडायचो, त्यातल्या बऱ्या कानशी निवडायचो, साबणाने धुऊन वाळवायचो, खडू घासायचो, खरखरीतपणाप्रमाणे लावून वर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायचो आणि निर्जंतुक खोलीतल्या खालच्या खणात ठेवायचो. वापरायला नव्हे. नुसत्या जपून ठेवायला. पण तो खण स्वच्छ हत्यारांचा आहे, आणि त्यात वापरलेली वस्तू येणं म्हणजे काय, एकाच्या बोटाचा रोग दुसऱ्याच्या बोटाला कसा जातो, हे मला कळायला हवं होतं. पान वीस-एकवीसवर चित्रांसकट दिलेलं आहे. मी ती पानं वाचली होती. मला वाटलं ती इतरांसाठी आहेत.

तपासनीस बाई आल्या त्या सकाळी दहाला, न कळवता. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पायात आवाज न करणारे बूट, हातात यादी आणि गळ्यात मोजपट्टी. त्यांनी टेबलं मोजली, दिवे मोजले, पावलं मोजली (त्यांची दहा भरली. बरोब्बर दहा. मी मनात त्यांना दाद दिली). मग त्या निर्जंतुक खोलीच्या दाराशी थांबल्या आणि खाली बघून त्यांनी विचारलं, हे काय आहे? ती वीट होती. आपली वीट, ताई. दार आपटून तुझं बोट चेंगरलं त्या संध्याकाळी बाबांनी कुठूनशी आणून दाराला लावली होती तीच, वाऱ्याने परत दार लागू नये म्हणून. चाळीस वर्षं ती त्या दारात होती. आई तिला ठेचकाळली, बाबा ठेचकाळले, मी तर आठवड्यातून दोनदा ठेचकाळायचो, पण हलवायची कोणाची छाती झाली नाही. घर सोडताना सगळ्यांनी भांडी आणि फोटो घेतले, मी वीट घेतली. तू तेव्हा विचारलंस, विटेचं काय करणार? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. इथे निर्जंतुक खोली फार तापते म्हणून मी ती दाराला लावली होती. बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, वीट यादीत नाही, आणि हे दार आपोआप बंद व्हायला हवं. त्यांनी कागदावर लिहिलं, "एक वीट". मग आत गेल्या, आणि वीट बघितल्यावर त्यांना आणखी खाली बघावंसं वाटलं असावं, कारण त्यांनी थेट खालचा खण उघडला.

एकशे बारा कानशी निघाल्या. तारीखवार.

सातही मुली भिंतीला टेकून उभ्या. बाईंनी एक कानस उचलली, बोटाला लागलेला खडू बघितला आणि विचारलं, हे कोणी केलं? मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, ताई. एप्रनच्या खिशात तेव्हाही अर्धा खडू होता. तोंड उघडलं की झालं, इतकं सोपं होतं. आणि मी खिशात हात घालून खडू मुठीत लपवला. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "शाळा माझी आहे. चूक माझी आहे." बाईंनी ते लिहून घेतलं. त्या निघून गेल्यावर मुलींनी टेबलं पुसली, मीही पुसलं, आणि जिन्यात आम्ही नेहमीप्रमाणे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाईंच्या कचेरीत गेलो. बाकावर दोन तास बसलो. आत बोलावल्यावर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, खडूसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की हे काल का नाही सांगितलंत? मी खिशातला अर्धा खडू काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. मग त्यांनी निकाल दिला. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला फेरतपासणी. त्याच दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर आठव्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक परीक्षा, जिवंत हातावर, आणि विषय "जुनी इजा झालेलं नख". मी पास झालो तर तुकडी आठाची राहील आणि मान्यता टिकेल. नापास झालो तर तुकडी सातावर येईल, म्हणजे शाळा बंद आणि त्या सातजणींना दाखलेही मिळणार नाहीत. यातल्या एकीने शिवणकामाची चालू नोकरी सोडून इथे नाव घातलं आहे. दुसरीला एका दुकानात जागा सांगून ठेवली आहे, दाखला मिळाला की ये म्हणून. त्या मला अजूनही आठवेकाकाच म्हणतात, आवाजात काही फरक नाही. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन सूनबाईला सांगितलं, की मी कचेरीत जाऊन कबूल करून आलो. ती पोळ्या लाटत... नाही, कपड्यांच्या घड्या करत होती (पत्रात खरं तेच लिहायचं असं मी ठरवलं आहे). घडी न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं बाबा. आपल्या घरात खडू दुसरं कोण वापरतं?" म्हणजे तिने आदल्या दिवशी चूक अंगावर घेतली तेव्हाच तिला माहीत होतं. मी आपल्या खोलीत गेलो आणि दार लावून बराच वेळ बसलो. रडलो म्हटलंस तरी चालेल.

त्यानंतर मी इजा झालेल्या नखाच्या शोधाला लागलो. हे काम वाटतं तितकं सभ्य नाही. रस्त्याने चालताना मी लोकांच्या बोटांकडे बघतो, आणि लोक माझ्याकडे बघतात. बँकेतल्या रोखपालाचं नख मला आवडलं, पण मी काचेला नाक लावून वाकलो तेव्हा त्याने घंटी वाजवली. कोपऱ्यावरच्या सुताराच्या अंगठ्यावर माझा फार भरवसा होता. तो आधी लाजला, मग तयार झाला, येऊन बसला, पण त्याने त्याच सकाळी हातोडी पुन्हा तिथेच मारून घेतली होती. ताज्या इजेला हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं (पान चोवीस). मी त्याला खालच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तर असा सगळा प्रकार आहे. हाताची व्यवस्था होईल कुठून तरी, तू काळजी करू नकोस. दाराला मी आता स्वतः यंत्र बसवलं आहे, ते दार आपोआप आणि इतकं हळू लावतं की बघत राहावं. मधे माझं बोट ठेवून तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा सूनबाईने पाहिलं आणि माझं बोट काढून घेतलं.

भावोजींना नमस्कार. स्वतःला जप. उत्तराची घाई नाही.

तुझा धाकटा

ता. क. उत्तराची घाई आहे. परीक्षा सात तारखेला, आणि नियमाप्रमाणे परीक्षेचा हात आठ दिवस आधी एकदा बघावा लागतो. नख जुन्या इजेचं हवं, जखम वाहती नको, आणि त्यावर पूर्वी कोणी काम केलेलं नको. तुझ्या नखावर कोणी काम केलेलं नाही हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण चौपन्न वर्षांत तू ते कोणाला दाखवलेलंच नाहीस. प्रत्येक फोटोत तुझा उजवा हात पाठीमागे आहे. टायपिंगच्या परीक्षेत तू नऊ बोटांनी पहिली आलीस, आणि बक्षीसही डाव्या हाताने घेतलंस. हे सगळं मी बघत होतो. तू येशील का? मी ते चिरलेलं नख मऊ घासून, वर पातळ थर देऊन, दिव्याखाली धरून सारखं करीन. नवं होणार नाही. पण कपड्याला अडकणार नाही.

ता. क. २. हाताला हात लावण्याआधी एक कार्ड भरावं लागतं (पान नऊ). नाव, वय, औषधं, आणि शेवटचा रकाना, "जुनी इजा असल्यास कधी व कशी झाली". तुझं कार्ड मी भरायला घेतलं. "कधी" सोपं होतं. "कशी" समोर मी सवयीने "वारा" लिहिलं आणि खोडलं. त्या दिवशी वारा नव्हता ताई. तुझं शाईचं पेन मला द्यायला तू नाही म्हणालीस म्हणून मी दार लावलं. तुझा हात चौकटीवर होता तो मला दिसला होता. मला वाटलं, तू काढशील. आणि आई धावत आली तेव्हा "वारा" हा शब्द मी नाही, तूच म्हणालीस, रडता रडता, माझ्याकडे बघून. मी नऊ वर्षांचा होतो, ते समजण्यासारखं आहे. पण नंतर मी दहा वर्षांचा झालो, वीस वर्षांचा झालो, त्रेसष्ट वर्षांचा झालो, आणि सगळ्यांना त्या विटेला ठेचकाळू दिलं.

ता. क. ३. कार्ड सोबत ठेवलं आहे. खाडाखोड झाली आहे, पण वाचता येतं. खाली दोघांच्या सह्या लागतात, माझी केली आहे, तुझी जागा रिकामी आहे. येणार नसलीस तरी मी रागावणार नाही, तेवढा हक्क माझा नाही. फक्त तसं कळव, कारण सात तारखेला हात का आला नाही हे त्या बाई मला विचारतील, आणि या वेळी मला वारा होता असं सांगता येणार नाही.